पंखे वाढवू नका, आधी टीव्ही युनिटची पाठ बघा

प्रश्न असा आहे: मीडिया पीसी, म्हणजे सिनेमे साठवून टीव्हीवर दाखवणारा संगणक, टीव्हीखालच्या बंद युनिटमध्ये आहे, आत चार हार्ड डिस्क आहेत, सिनेमा बघताना त्या ४८ अंशांपर्यंत तापतात. पुढे १२० मिलिमीटरचा एक पंखा आहे. आणखी दोन लावले तर भागेल का?

नाही भागणार.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण ‘आणखी दोन’ वाचलं आणि आमचा दादा डोळ्यांसमोर उभा राहिला. थोरला भाऊ माझा. विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याचं एकच मत असतं: तापतंय? पंखा लाव. लावला तरी तापतंय? मग दुसरा लाव.

माझ्या पहिल्या मीडिया पीसीत साडेतीन इंची तीन डिस्क होत्या. एकावर एक, मध्ये करंगळीही जाणार नाही अशा. त्यांची खरखर ऐकू येऊ नये म्हणून मी प्रत्येक स्क्रूखाली रबरी वॉशर घातले आणि सगळा डबा युनिटमध्ये, काचेच्या दारामागे ढकलला. खरखर थांबली. स्वतःवर बेहद्द खूश होतो मी. डिस्कची बरीचशी उष्णता स्क्रूंमधून कॅबिनेटच्या, म्हणजे पीसीच्या डब्याच्या, पत्र्यात उतरत असते आणि रबराने आपण नेमकी तीच वाट बुजवली, हे डोक्यातच आलं नाही. खालची डिस्क ४६, वरची ५०, मधली ५३. बहुतेक डिस्कच्या कागदावर कमाल ६० लिहिलेलं असतं, त्यामुळे मी निवांत होतो. तीन वर्षं निवांत होतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका रविवारी दादा आला. दार उघडून त्याने कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. बोलला काहीच नाही. पुढच्या रविवारी कुठल्याशा भंगारातल्या सर्व्हरमधून काढलेले ८० मिलिमीटरचे दोन पंखे घेऊन हजर. मी नको नको म्हणेपर्यंत बाजूच्या पत्र्याला भोकं पडली होती. दोन्ही पंखे आत हवा फेकणारे. मधली डिस्क ५३ वरून ५१ वर आली. दादाने विजयी मुद्रेने चहा मागितला.

आता तुम्हीच सांगा, दोन अंशांसाठी काय मोजलं आम्ही? पडद्यावर दोन माणसं हळू आवाजात बोलायला लागली की खालून भणभण. मग कोणीतरी रिमोट उचलून आवाज वाढवायचं, लगेच मारामारी सुरू व्हायची, की धावपळ करून कमी करायचं. छोट्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि गोंगाट फेऱ्यांचाच असतो. फेरे निम्मे केले की हवा निम्मी होते, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून एकच मोठा पंखा संथ फिरवावा. दोन लहान पंखे पळवत बसणं हा गाढवपणा आहे. दादाला हे तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगतो.

दादा गेल्यावर मी एक केलं, जे दोघांपैकी कोणीच आधी केलं नव्हतं. साधा थर्मामीटर युनिटच्या आत, कॅबिनेटच्या तोंडाशी ठेवला, दार लावलं आणि दोन तास सिनेमा चालू ठेवला. खोलीत २९ अंश होते. युनिटमध्ये ४१.

म्हणजे माझा पुढचा एक आणि दादाचे दोन, असे तिन्ही पंखे डिस्कवर ४१ अंशांची हवा मारत होते. मागून बाहेर पडलेली गरम हवा प्लायवूडच्या पाठीवर आपटून, बाजूने फिरून पुन्हा पुढून आत शिरत होती. पंखा हवा थंड करत नाही, नुसती हलवतो. डिस्कवर जी हवा येते तिच्यापेक्षा डिस्क थंड होऊच शकत नाही, मग पंखे तीन लावा नाहीतर तेरा.

मुळात डिस्कची उष्णता असते किती? मिनिटाला ५४०० फेऱ्यांची साडेतीन इंची डिस्क काम करताना साधारण चार-पाच वॅट खाते, ७२०० वाली सात-नऊ. तुमच्या चार डिस्क संथ असतील तर सगळ्या मिळून २० वॅट. हवेचा पारा पाचच अंश चढू देऊन एवढी उष्णता बाहेर न्यायला सेकंदाला साडेतीन लिटरच्या आत हवा लागते. पूर्ण पीसीची ६० वॅट धरली तरी दहा लिटर. १२० मिलिमीटरचा एक पंखा अर्ध्या वेगातही हे सहज करतो. फक्त ती हवा खोलीतून आली पाहिजे आणि खोलीत परत गेली पाहिजे. तुमच्याकडे पंख्याची कमतरता नाही हो, वाटेची आहे.

मग मी पीसी बाहेर काढला (हे करायचंच, लाकडाचा भुसा डिस्कच्या सर्किटवर बसायला नको), युनिटच्या पाठीत वरच्या बाजूला होल सॉने (गोल भोक कापणाऱ्या करवतीने) मोठं भोक पाडलं आणि काचेचं दार बिजागरीसकट काढून माळ्यावर टाकलं. दादाचे पंखे उतरवले, त्यांच्या भोकांवर चिकटपट्टी लावली, नाहीतर पुढच्या पंख्याने ओढलेली हवा डिस्कपर्यंत न जाता तिथूनच निसटते. वॉशर काढले. डिस्क एकेक घर सोडून बसवल्या, म्हणजे मधलीच्या वर आणि खाली फट राहिली. दोन तासांनी पुन्हा बघितलं. ३८, ३९ आणि मधली ४१. खरखर थोडी परत आली, पण भणभण गेली.

दादाला फोन करून आकडे सांगितले. तो म्हणाला, “माझे पंखे कुठायत?”

इथे हा विषय संपायला हवा होता. आठ महिन्यांनी मधली डिस्क गेली.

आधी स्मार्टमधल्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातल्या) १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निर्णयाची वाट बघत पडलेल्या सेक्टरांच्या, डिस्कवरच्या बारीक कप्प्यांच्या, ओळीत ८ आले. मी म्हटलं बघू. आठवड्याने ११२. मग टकटक सुरू झाली आणि मग डिस्क दिसेनाशी झाली. तिच्यावर बाबांच्या आवाजातल्या जुन्या कॅसेटी होत्या. दादानेच रात्री जागून एकेक उतरवलेल्या.

दादा म्हणाला, “पंखे काढलेस ना.”

मला ते इतकं लागलं की मी चक्क पुरावा छापून नेला. २००७ साली गूगलच्या तिघा संशोधकांनी आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तापमान आणि डिस्क मरणं यांचा जेवढा संबंध लोक धरून चालतात तेवढा त्यात दिसला नाही, उलट सगळ्यांत थंड डिस्कमध्येच मृत्यू जास्त निघाले. मी त्या वाक्यांखाली लाल रेघा मारल्या होत्या. दादाने चष्मा लावला, माझ्या रेघा सोडून बाकीचं वाचलं आणि एका आलेखावर बोट ठेवलं. तीन आणि चार वर्षं जुन्या डिस्कमध्ये तापमान वाढेल तसे मृत्यूही वाढताना दिसत होते. “तुझी किती वर्षांची होती?”

चार वर्षांची. त्यातली पहिली तीन तिने ५० च्या वर काढलेली.

तर ते आता इथे मान्य करतो, कारण दादा हे वाचणार नाही: निदान त्याचं बरोबर होतं, औषध चुकीचं होतं. अर्थात एका डिस्कवरून काहीच सिद्ध होत नाही. शेजारची ५० ची डिस्क नंतर कित्येक वर्षं चालली. पण ‘तापमानाने काही होत नाही’ असं कोणी ठणकावून सांगितलं तर त्यांच्या डिस्क किती अंशांवर होत्या हे विचारा. बॅकब्लेझ या बॅकअप कंपनीनेही २०१४ मध्ये असाच निष्कर्ष काढला होता, एका मॉडेलचा अपवाद सोडून, पण त्यांच्या डिस्क गार हवेच्या डेटा सेंटरमध्ये. टीव्हीखालच्या खोक्यातल्या ५३ ला तो लागू होत नाही. मी ४५ च्या वर आठवडाभर राहू देत नाही आणि ३५ च्या खाली आणायला धडपडत नाही.

कॅसेटींचं काय झालं ते राहिलंच. डिस्क गेल्यावर आठ दिवस मला झोप नव्हती. नवव्या दिवशी दादाचा फोन. “कॅसेटींची एक प्रत आहे माझ्याकडे. कपाटात. पहिल्या दिवसापासून.” मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, “तू पंखे काढताना विचारलं होतंस?”

तेव्हा थंडावा वगैरे ठीक आहे, पण परत न मिळणाऱ्या गोष्टींची एक प्रत दुसऱ्या घरात, वीज न जोडता पडलेली असू दे. तिचं तापमान बघावं लागत नाही.

काही गोष्टी मध्येच राहून गेल्या. सिनेमा एकाच डिस्कवरून चालतो, बाकीच्या तीन उगाच फिरत असतात, त्यांना २० मिनिटांनी झोपू द्या. लिनक्सवर एचडीपार्म या डिस्कच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॅपिटल एस (-S) पर्यायात २४० लिहायचे, कारण तो आकडा पाच-पाच सेकंदांत मोजला जातो. पण दर पाच मिनिटांनी झोपवू नका, डिस्कच्या झोपण्या-उठण्यालाही मर्यादा असते. आणि तापमान बघणारा प्रोग्रॅमच डिस्कला जागं ठेवत नाही ना ते तपासा. स्मार्टमधल्या नोंदी वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅममध्ये ‘झोपलेली असेल तर उठवू नकोस’ असं सांगता येतं. डिस्कवर थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) वगैरे चिकटवायचा विचार असेल तर झाकणावरचं श्वासाचं बारीक छिद्र बुजवू नका (हेलियमवाल्या सीलबंद असतात, त्यांना ते नसतं). पुढच्या जाळीवरची धूळ दोन-तीन महिन्यांनी काढा. माझ्याकडे एकदा तिथेच चार अंश लपले होते. युनिटला भोक पाडणं घरच्यांना चालणार नसेल तर दार काढून पीसी पाठीपासून वीतभर पुढे ओढून बघा, तेवढ्यानेही बराच फरक पडेल. आणि युनिटमध्ये त्याच खणात ॲम्प्लिफायर असेल तर वरचं सगळं गणित विसरा, आधी तो हलवा.

शिवाय तुम्ही ४८ हा एकच आकडा दिला आहे. चार डिस्कचे चार आकडे असतात. मधल्या दोघींचे वेगळे लिहा आणि युनिटच्या आत थर्मामीटर ठेवून तिथल्या हवेचाही लिहा, मग बोलू.