लॅपटॉपचा दवाखाना : आधी फोटो, मग विंडोज

प्रश्न : आमचं आडत दुकान आहे आणि घर दुकानाच्या माडीवरच. गेमिंग लॅपटॉप सेकंड हँड घेतलाय. सी ड्राइव्हला २५६ जीबीची एसएसडी, डीला १ टीबीची हार्ड डिस्क. दिवाळीपासून गेम लावला की थोड्या वेळात आवाज टर्रर्र अडकतो आणि लॅपटॉप पटकन बंद. हल्ली निळी स्क्रीनही येते. कधी डी ड्राइव्ह दिसतच नाही, बंद करून लावला की परत दिसतो. बॅटरी फुगली होती म्हणून काढून टाकली, डायरेक्ट चार्जरवर चालवतो. दुकानदारानं दोनदा विंडोज मारून दिलं, आठ दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. आता तो मदरबोर्ड गेला म्हणतोय. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो डीमध्येच आहेत. काय करू?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य तुम्ही पहिलं लिहायला हवं होतं. मदरबोर्ड कुठं पळून जात नाही, फोटो जातात. तेव्हा आज गेम नाही. बाहेरची एक यूएसबी डिस्क आणा, लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवा, पंखा लावा आणि फोटो काढून घ्या. सगळा डी एकदम ओढू नका. आधी लग्नाचा फोल्डर, मग बाकीचे. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडा, पुढं चला. आणि डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर हेही करू नका. लॅपटॉप बंद करून डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. तीही गल्लीतल्या टेबलावर उघडणाऱ्याकडे नको. आतलं डेटा वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, तिथं धुळीचा एक कण म्हणजे दगडच.

चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, आत्ताच मारू नका. दुरुस्तीचा '/r' पर्याय देऊन चालवलं की ते अख्खी डिस्क वाचत बसतं, वर फाइलींच्या नोंदींत खाडाखोडही करतं. दमलेल्या डिस्कला एवढी मेहनत झेपत नाही. लिनक्स येणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला 'डीडीरेस्क्यू'नं डिस्कची नक्कल काढायला सांगा. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागेवर शेवटी येतं, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं.

फोटो निघाले? आता आजाराकडे येऊ. मला तरी यात दोन वेगळे आजार दिसतात, एक डीच्या डिस्कचा आणि दुसरा गेममध्ये बंद पडण्याचा, आणि तुमच्या दुकानदारानं दोघांवर एकच गोळी दिली. विंडोज बसतं सीवर, डी ही वेगळीच डिस्क. एकीला अंघोळ घालून दुसरी कशी स्वच्छ होणार? मग आठ दिवस बरं का चाललं? एक तर गेम परत डाउनलोड होऊन बसेपर्यंतच आपल्याकडच्या नेटवर तेवढे दिवस जातात. दुसरं, डीवर गेम नव्यानं टाकला तर तो दुसऱ्या जागी लिहिला जातो, खराब जागेला काही दिवस हात लागत नाही.

स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करा, विंडोज लॉग्जमधलं 'सिस्टम' उघडा. तिथं लाल खुणेचा ४१ नंबर, कर्नल-पॉवर, नक्की दिसेल. हा बघितला की लोक लगेच चार्जर नाही तर बोर्ड बदलायला निघतात. ४१चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. खरी माहिती डिटेल्समध्ये 'बगचेककोड', म्हणजे निळ्या स्क्रीनच्या चुकीचा नंबर, त्यापुढं असते. तिथं ० असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही : करंट तुटला, उष्णतेनं बंद पडलं, किंवा हँग झाल्यावर तुम्हीच बटण दाबून धरलं. १२२ असेल तर डिस्कवरून डेटा वाचता आला नाही, २९२ असेल तर हार्डवेअरमध्येच चूक सापडली. मग त्याच यादीत 'डिस्क' नावाच्या नोंदी शोधा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे काम एकदा जमलं नाही म्हणून पुन्हा करावं लागलं. मजकुरात हार्डडिस्क ० की १ ते लिहिलेलं असतं. विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये तोच नंबर बघा, दोषी कोण ते कळेल.

आता 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि डीच्या पानावर चार ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळं बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाच्या प्रतीक्षेतले, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. हे आकडे दर आठवड्याला वाढत असतील तर डिस्क संपली, वाद घालू नका. पूर्ण फॉरमॅट मारल्यावर सी५ शून्य होऊ शकतो. 'रिपेअर झाली' म्हणून मिळालेल्या डिस्कांचं गुपित बऱ्याचदा हेच असतं, तेव्हा ०५ही बघा. चौथी ओळ सी७, ती मात्र वायरची. पहिले तीन शून्य आणि फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क बरी आहे, तिला बोर्डाशी जोडणारी पातळ पट्टी सैल असेल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही पट्टी असते, आणि डी कधी दिसणं कधी न दिसणं हे तिचंही लक्षण आहे. पट्टी नीट बसवायची मजुरी किती आणि नवी डिस्क किती, तुम्हीच हिशेब करा.

दुसरा आजार, गेममध्ये बंद पडण्याचा. दिवाळीपासून म्हणता, म्हणजे सोयाबीनची आवक. खाली आडत, वर तुम्ही. आमच्याकडं लातुरात गंजगोलाईच्या आसपासचे आणि दालमिलच्या बाजूचे लॅपटॉप उघडले की पंखा वरून स्वच्छ दिसतो, पण पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधल्या फटीत भुशाचा आणि धुळीचा दाबून बसलेला थर असतो, चिमट्यानं अख्खी पट्टी निघते. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, उलट आत घट्ट बसतो, आणि पंखा वेडावाकडा फिरून बेअरिंग जाते ते वेगळंच. मागचं झाकण काढून, पातं बोटानं धरून साफ करायचं, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायची. मग गेम चालू असताना तापमान बघा. प्रोसेसर शंभराच्या जवळ गेला की आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो. आणि हे थंडीत होतंय, मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकल्यावर काय होईल?

बॅटरी काढली हे बरंच केलं, फुगलेली आत ठेवायची नाही. पण तिच्याविना लाइट नुसती लपकली तरी डिस्क लिहिता लिहिता बंद पडते, आणि आपल्याकडं लाइट कशी येते-जाते ते मी तुम्हाला काय सांगू. शिवाय बरेच गेमिंग लॅपटॉप जोर लागला की चार्जरबरोबर बॅटरीतूनही करंट ओढतात. तेव्हा नवी बॅटरी बसवाच. चार्जरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणून लॅपटॉपच्या बुडाशी लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. १९.५ गुणिले ९.२३ म्हणजे १८० वॉट, १९.५ गुणिले ६.१५ म्हणजे १२०. सेकंड हँड मालाबरोबर १८०च्या जागी १२०चा चार्जर गळ्यात मारलेला मी बघितलाय. पिन बसते, विंडोज चालतं, गेम मात्र चालत नाही.

मदरबोर्डचं नाव हे सगळं झाल्यावर.

प्रश्न : बंद पडलेली हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की चालते म्हणतात. करून बघू का?
– एक विद्यार्थी, सेलू

उत्तर : नका करू. बाहेर काढल्यावर तिच्यावर आणि आत दव धरतं, आणि चालू केल्यावर उरलंसुरलं तेही जातं.

प्रश्न : डीची डिस्क काढून त्याच जागी एसएसडी बसते का? जुनी डिस्क दुकानदार एक्स्चेंजमध्ये मागतोय.
– एक वाचक, उदगीर

उत्तर : बसते. अडीच इंची साटा एसएसडी घ्या, जाडी ७ मिलिमीटर. जुनी डिस्क ९.५ची असेल तर नवी थोडी हलेल, त्यासाठी प्लास्टिकची चौकट मिळते ती मागून घ्या. एसएसडी जाताना टक-टक करत नाही, कधी कधी सकाळी लावली तर दिसतच नाही. फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्या. एक्स्चेंजचं म्हणाल तर डिस्क देऊच नका. डिलीट केलेलं परत काढायला फार वेळ लागत नाही, आणि तुमच्या घरची आधार कार्डं, बँकेची पासबुकं त्यातच असणार.