टेक्सासच्या किनाऱ्यावर थंडीत लाईट गेली तर तयारी काय ठेवायची?

तुम्ही विचारलंय की ह्यूस्टन आणि गॅल्व्हस्टनच्या मधल्या पट्ट्यात घर घेताय, २०२१ च्या थंडीत तिथे लाईट गेली होती म्हणे, तशी वेळ परत आली तर काय करायचं. मी त्याच पट्ट्यात, लीग सिटीत राहतो. ते दिवस घरातच काढलेत, म्हणून लिहितो.

आधी कबुली देतो. मी देवगडचा. पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की दोन-दोन दिवस लाईट नाही, शिवाय भारनियमनाची वर्षं भोगलेली. त्यामुळे १५ फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर हीटरचा आवाज बंद पडला, तेव्हा मी कूस बदलून परत झोपलो. येईल तासाभरात. ती आली बुधवारी दुपारी.

मी दोन दिवस वेळापत्रकाची वाट बघत होतो. आपल्याकडे कसं, सहा तास तुमच्याकडे नाही, मग सहा तास शेजारच्या गावात नाही. इथेही आळीपाळीनेच बंद करायचं ठरलं होतं, पण तुटवडाच इतका झाला की इस्पितळांच्या वगैरे लाइनी सोडून बंद करण्यासारखं जे होतं ते सगळं आधीच बंद होतं. पाळी द्यायची कोणाला? टेक्सासची ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं, देशातल्या बाकीच्या दोन मोठ्या ग्रिडपासून जवळजवळ वेगळी आहे, बाहेरून वीज फारशी घेता येत नाही. गॅसच्या विहिरी गोठल्या, वीजकेंद्रं एकामागून एक बंद पडली आणि ६० हर्ट्झ वारंवारतेवर चालणारी ग्रिड ५९.४ च्या खाली चार मिनिटांहून जास्त राहिली. नऊ मिनिटं राहिली असती तर सगळी ग्रिड कोसळू शकली असती. ते टाळायला ४५ लाखांवर घरांची वीज तोडली.

एरवी इथे फेब्रुवारीत दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरता येतं. त्या मंगळवारी पहाटे ह्यूस्टनच्या विमानतळावर उणे १० अंश होतं, गॅल्व्हस्टनच्या वाळूवर बर्फ पडलं होतं. पार दक्षिणेला साउथ पाद्रे बेटावर गारठून बधिर झालेली हजारो समुद्री कासवं लोकांनी होड्यांतून, गाड्यांतून आणून एका मोठ्या सभागृहात ओळीने ठेवली होती. आमच्या घरात मंगळवारी सकाळी थर्मामीटर ६ वर होता.

आई तेव्हा आमच्याकडे होती, कोविडमुळे अडकलेली. ती म्हणाली, "अरे शेगडी पेटव मरे, भायर कोळसो आसा मां?" बार्बेक्यूचे कोळसे होते, लोखंडी घमेलंही होतं. मी मागच्या दाराशी जाऊन उभाही राहिलो. देवगडच्या घरात कौलांच्या फटींतून धूर, वायू सगळं निघून जातं, म्हणून आजीची शेगडी कधी कोणाच्या जिवावर उठली नाही. इथलं घर म्हणजे एसीसाठी बंद केलेला डबा. त्या आठवड्यात ह्यूस्टनकडे शेकडो लोक कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने इस्पितळात गेले. कोणी घरात कोळसे पेटवले, कोणी ऊब घ्यायला आणि फोन चार्ज करायला गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली. गॅरेजचं शटर वर असलं तरी आत गाडी चालू ठेवायची नाही. जनरेटर घेतलात तर घरापासून किमान वीस फूट लांब. आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घर घेतल्या दिवशी लावा, सामान नंतर उघडा.

ऊब कशी मिळवली? बाकीचं घर सोडून दिलं आणि एक खोली धरली. सर्वांत लहान बेडरूम, जमिनीवर गाद्या, खिडकीवर रजया खिळल्या, दाराखाली टॉवेल, चौघं एकत्र. आईने गावाहून आणलेल्या गोधडीला बायको आधी नाकं मुरडायची. त्या रात्री ती गोधडी कोणाच्या वाट्याला यावी यावरून वाद झाला. गॅसच्या शेगडीची ठिणगी विजेवर, त्यामुळे देवघरातली काडेपेटी कामाला आली. खिडकी जरा उघडी ठेवून कुकरला खिचडी लावायची आणि लगेच गॅस बंद. गॅसवर घर तापवायचं नाही. फ्रिजमधलं सगळं अंगणात नेऊन ठेवलं, तेवढी एक सोय झाली.

पण खरं नुकसान झालं ते लाईट आल्यावर, आणि ते पाण्याने केलं. इथे बऱ्याच घरांत पाण्याचे पाइप छताच्या वरच्या माळ्यातून जातात, कारण थंडीचा विचार करून घर बांधलेलंच नसतं. रविवारी सांगितल्याप्रमाणे आम्ही नळ बारीक धारेने चालू ठेवले होते. मंगळवारी पाण्याचा दाब गेला, धार थांबली, आणि मी मनात म्हटलं बरं झालं, ती टपटप तरी बंद झाली. तीच वेळ घरात येणाऱ्या पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करायची होती. गुरुवारी सकाळी हॉलच्या छतावर वाटीएवढा ओला डाग दिसला. चहा होईपर्यंत तो परातीएवढा झाला आणि मग छत पोळीसारखं फुगायला लागलं. बायको पातेली लावत होती, मी लॉनमध्ये गुडघ्यांवर बसून मीटरच्या खड्ड्यातला चिखल हाताने उपसत होतो. मेन व्हॉल्व्ह तिथे असतो हे ऐकून माहीत होतं, कधी उघडून बघितलं नव्हतं. हाताने तो फिरत नाही. समोरचे निवृत्त पाइपफिटर आजोबा टी-आकाराची लांब चावी घेऊन आले, पाव फेरा दिला, पाणी बंद. तोवर दाराएवढा छताचा तुकडा सोफ्यावर आला होता.

म्हणून माझं ऐकाल तर असं करा. कडाक्याचा इशारा आला की बाथटब आणि सगळी पातेली भरून ठेवा. लाईट असेपर्यंत नळ बारीक चालू. लाईट गेली आणि घर गार पडत चाललं, किंवा नळाचा दाब उतरला, की मेन बंद करायचा, वरचे-खालचे सगळे नळ उघडून पाइप रिकामे करायचे, फ्लश ओढायचा. गरम पाण्याच्या टाकीत दीडशे-एक लिटर पाणी असतं; हीटर आधी बंद करून तळच्या तोटीतून ते काढता येतं. ह्यूस्टनमध्ये तेव्हा चार दिवस पाणी उकळून प्या असा आदेश होता, आणि ज्यांची चूल विजेवर त्यांनी उकळायचं कसं हे कोणी सांगितलं नाही.

तेव्हापासून कायदा झाला, वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची केली. जानेवारी २०२५ मध्ये इथे पुन्हा चांगलं बर्फ पडलं, ग्रिड टिकली. त्यामुळे घर जरूर घ्या, फक्त बघायला जाल तेव्हा एजंटला किचनच्या आधी मेन व्हॉल्व्ह दाखवायला सांगा.

ती चावी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, फार महाग नाही. आमची गॅरेजच्या दाराशी खिळ्याला टांगलेली आहे. त्या दसऱ्याला आईने पाने-हातोड्यांबरोबर तिलाही हळदकुंकू वाहिलं.