उपचारखर्चाचा अभ्यास सुरू करताना

सुरुवातीला राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची (केंद्र सरकारची देशभरातील कुटुंबांची पाहणी) 75वी फेरी (2017-18) पुरेशी आहे; प्रश्नही एकच ठेवा. आकडेमोडीआधी प्रश्नावली शब्दशः वाचा, कारण रुग्णालयात दाखल झाल्याची माहिती मागील 365 दिवसांची विचारलेली आहे, तर बाह्यरुग्ण उपचारांची केवळ 15 दिवसांची, आणि हे दोन खर्च जसेच्या तसे एकत्र मिळवणे ही नवख्यांची हमखास होणारी चूक आहे.

- भारांक (नमुन्यातील प्रत्येक कुटुंब प्रत्यक्षात किती कुटुंबांचे प्रतिनिधित्व करते तो आकडा) लावल्याशिवाय टक्केवारी काढू नका.
- सरासरीसोबत मध्यकही (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) पाहा. लाखोंची दोन-चार बिले सरासरी फुगवतात.
- खासगी आणि सरकारी रुग्णालयांची तुलना करताना तिथे येणारे रुग्ण वेगळे असतात, हे आधी तपासा. दर्जाविषयीचा निष्कर्ष त्यानंतरच काढा.

प्रतिगमनाची प्रारूपे (एका घटकाचा दुसऱ्याशी असलेला संबंध मोजणारी संख्याशास्त्रीय समीकरणे) सध्या बाजूला राहू द्या. पहिला तक्ता तयार झाला की जरूर दाखवा, आपण मिळून तो तपासू.