पहिली वीण साबुदाण्याचीच घ्या

ताई, विणकाम नुकतंच शिकताय, तर एकदम स्वेटर विणायला नका घेऊ. परभणीची थंडी पुढच्या वर्षीही येणारच आहे. आधी मफलर विणा, साबुदाणा विणीचा. सुलट आणि उलट, दोनच प्रकारचे टाके लागतात. कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि कडा गुंडाळत नाहीत.

आठ नंबरच्या (4 मिमी) सुया आणि फिक्या रंगाची, मध्यम जाडीची लोकर घ्या. गडद निळी, काळी नकोच, रात्री ट्यूबलाइटखाली टाके दिसत नाहीत. 31 टाके घाला. संख्या विषम असली की प्रत्येक ओळ एकच: एक सुलट, एक उलट, शेवटी सुलट.

नव्या हातांचं चुकतं ते इथं:

- सुलटला लोकर मागे, उलटला पुढे, आणि ती दोन सुयांच्या मधूनच न्यायची. सुईवरून गेली की जास्तीचा फास पडतो, 31 चे 34 होतात. दर चार ओळींनी टाके मोजा.
- उभ्या पट्ट्या दिसल्या तर साबुदाण्याऐवजी रिब झाली. डाव्या सुईवरच्या टाक्याखाली नीट बघा. ज्वारीच्या दाण्यासारखी आडवी गाठ असेल तिथं सुलट विणा, व्ही दिसेल तिथं उलट. माझ्या हाताला हे कळायला आठवडा लागला, पण मग ओळीच्या मध्ये कुणी हाक मारली तरी गोंधळ होईना.
- लोकर आवळू नका. टाका सुईवर सहज सरकला पाहिजे.

चुकलं तर बिनधास्त उसवा, लोकर परत वापरता येते. वेणी, जाळी असल्या विणी सध्या बघूच नका. दहा ओळी झाल्या की फोटो पाठवा.