मुंबईच्या नॅशनल पार्कातून कान्हेरीपर्यंत रोड बाइक (बारीक टायरची सायकल) चालेल का? चढ झेपेल का?

चालेल की! बोरिवलीच्या गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण ६-७ किमी डांबरी रस्ता आहे. सुरुवातीला फारसं काही जाणवत नाही, खरा घाम निघतो तो शेवटच्या टप्प्यात. पुढे पेडलच्या चकतीला ३४ आणि मागे चाकाच्या चकतीला २८ दात, असा हलका गिअर असेल तर नवखाही बसल्या बसल्या चढून जाईल. उभं राहून जोर लावायला गेलात तर वरपर्यंत दम टिकणार नाही.

माझ्या मते चढापेक्षा उतार जपून करायचा. पावसाळ्यात झाडांखाली रस्त्याच्या कडेला हिरवट शेवाळ धरतं, त्यावर ओली पानं. बारीक टायर तिथे हमखास घसरतो. म्हणून २८ मिमीचे टायर घाला, हवा थोडी कमी ठेवा आणि ब्रेक वळणाच्या आधीच मारून घ्या, वळणात नको.

केळी जर्सीच्या मागच्या खिशात उघडी ठेवू नका, माकडं सोडत नाहीत. बिबटे आहेतच, त्यामुळे अंधार पडायच्या आत बाहेर. आणि हो, सोमवारी पार्क बंद असतं.