‘लहानपणी भूल दिली होती, म्हणून का हो?’

“मॅडम, याला लहानपणी भूल दिली होती. त्याचा मेंदूवर परिणाम झाला असेल का?”

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या आईबाबांकडून ऐकलाय, की हल्ली ते खुर्चीत टेकायच्या आधीच मला त्याची चाहूल लागते. कुणाच्या मुलाचं सहाव्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाच्या मुलीला एमआरआयसाठी झोपवलेलं असतं. मुलगा दहावीला गणितात गेला तेव्हा एका बाबांनी माळ्यावरून चौदा वर्षांपूर्वीची डिस्चार्जची फाईल शोधून आणली होती.

पूर्वी मी एका दमात सांगून मोकळी व्हायचे, “काही होत नाही हो, डोक्यातून काढून टाका.” उत्तर आळशी होतं. ती सवय वैशालीनं मोडली. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वैशाली कोरेगावच्या बाजूला राहणारी, बी.एस्सी. झालेली. तिचा सोहम दुसरीत. जन्मतः त्याचा ओठ आणि टाळू दुभंगलेला होता. ओठाचं ऑपरेशन चौथ्या महिन्यात झालं, टाळूचं वर्षाचा व्हायच्या आत. ओठावर आता एक बारीक रेघ उरलीय, तीही कुणी दाखवली तर दिसते. शाळेची तक्रार अशी की याचं लक्ष नसतं, सांगितलेलं करत नाही, श्रुतलेखनात दहापैकी दोन.

वैशालीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१६ मध्ये दिलेला इशारा होता तो. तीन वर्षांखालच्या मुलांना पुन्हा पुन्हा किंवा तीन तासांहून जास्त वेळ भूल दिली, तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता आहे.

“पुन्हा पुन्हा, मॅडम. म्हणजे आमचाच सोहम.”

आता हिला “डोक्यातून काढून टाका” काय सांगणार? मी म्हटलं, बसा, आपण हे नीट वाचू. त्याच इशाऱ्यात लिहिलंय की एकदाच, थोडा वेळ दिलेल्या भुलीनं असं होण्याची शक्यता फारशी नाही. पुढच्या वर्षी त्यांनी स्पष्टही केलं की गरजेचं ऑपरेशन या भीतीनं टाळू नका, लांबवू नका. भीतीचं मूळ उंदरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात सात दिवसांच्या पिल्लांना सलग सहा तास भुलीची औषधं दिली होती. त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेल्या, मोठेपणी शिकण्यात ती मागे पडली. पण उंदराच्या आयुष्यातले सहा तास म्हणजे केवढा काळ!

माणसांच्या मुलांचा सगळ्यात भक्कम अभ्यास सात देशांतल्या ७२२ बाळांचा. हर्नियाच्या ऑपरेशनला निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना फक्त कमरेखालचा भाग बधिर करून. पूर्ण भूल साधारण तासाभराची. पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांचा बुद्ध्यांक सारखाच निघाला. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं.

“पण ती एकदाच दिलेली,” वैशाली म्हणाली. हुशार बाई.

बरोबर होतं तिचं. अनेकदा भूल दिलेल्या मुलांचा चांगला अभ्यास अमेरिकेत मेयो क्लिनिक या रुग्णालयानं केला; एकदाच भूल मिळालेली आणि कधीच न मिळालेली मुलं धरून जवळजवळ हजार मुलांचा. बुद्ध्यांक अनेकदा भूल मिळालेल्या मुलांचाही कमी नव्हता. मात्र काम करण्याचा वेग आणि बोटांची सफाई थोडी कमी आढळली, आणि वाचनाच्या, वागण्याच्या तक्रारी पालकांनी जास्त सांगितल्या. मी हेही तिच्यापासून लपवलं नाही. समुपदेशकानं गोड बोलून माहिती दडवली की पुढच्याच आठवड्यात ती माहिती मोबाइलवर सापडते, आणि मग आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहत नाही.

माझा समज होता की एवढ्या माहितीनं चिंता निम्मी तरी उतरेल. ती तसूभर हलली नाही. पुढच्या वेळी आली तर पुन्हा तेच, “मी त्याला भूल दिली ना, मॅडम.”

मराठीनंही काय शब्द दिलाय. औषधाला भूल आणि चुकीलाही भूल. सोहमला भूल दिली होती भूलतज्ज्ञानं, वजनावर मोजून. वैशालीच्या तोंडी मात्र ती चूक होऊन यायची.

मी विचारलं, “तुम्ही नेमकं काय केलंत?”

“सही केली. दोन्ही वेळा.”

“नसती केली तर?”

“मग ओठ तसाच राहिला असता. दूध नाकातून यायचं त्याच्या. बोलणं गेंगाणं झालं असतं.” थोडं थांबून म्हणाली, “सासूबाई म्हणायच्या, ग्रहणात विळीवर बसली म्हणून पोराचा ओठ चिरला. मी हसायचे त्यांना.”

“मग भुलीला का नाही हसलात?”

“ते खरं आहे ना. त्याचं संशोधन झालंय.”

“मान्य. पण ग्रहणाच्या गोष्टीत दोषी कोण?”

“मी.”

“आणि भुलीच्या?”

ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सासूबाईंनी जे म्हटलं, तेच मी इंग्रजीतून म्हणतेय की काय?”

पंचवीस वर्षांच्या कामात अशी वाक्यं मोजकीच ऐकायला मिळतात. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेनं काम करणारी. माणसाला घटना पोळत नाही, घटनेबद्दल तो स्वतःला जे बजावत राहतो ते पोळतं, यावर माझा भरवसा आहे. पण हे मी तिला शिकवलं नव्हतं. मी फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि गप्प बसले. गप्प बसणं हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि ते मला बरं जमतं असं मी म्हणेन.

दोष स्वतःकडे घेण्यात एक सोय असते. मूल मागे का पडतंय हे माहीत नसणं सोसत नाही. ‘माझ्यामुळे’ म्हटलं की निदान कारण तरी हाती लागतं. फक्त ते हाती लागलं की माणूस पुढे शोधायचं थांबतो.

आम्हीही थांबलोच होतो. मी सुद्धा! तीन भेटी आईच्या मनावर गेल्या, आणि मुलगा बाहेरच्या बाकावर चित्रं काढत बसलेला. चौथ्या वेळी मी त्याच्या वह्या मागवल्या. एका वहीत फळ्यावरून उतरवून घेतलेलं: काना-मात्रा-वेलांटी जिथल्या तिथे, अक्षर टपोरं. दुसरी श्रुतलेखनाची. ‘पान’च्या जागी ‘तान’, ‘दूध’च्या जागी ‘दू’, शब्दांची शेपटं गायब. एकाच आठवड्यातल्या वह्या, एकच हात. डोळ्यांनी आलेलं अचूक आणि कानांनी आलेलं मोडकं.

मग मला नेदरलँड्समधल्या जुळ्यांचा अभ्यास आठवला. २००९ मधला, एकसारख्या जुळ्यांच्या ११४३ जोड्यांचा. ज्या जोड्यांना तिसऱ्या वर्षाच्या आत भूल दिली गेली होती, ती मुलं शाळेत थोडी मागे होती. पण ज्या जोडीत एकालाच भूल मिळाली आणि दुसऱ्याला नाही, तिथे दोघं सारखीच. म्हणजे भुलीकडे बोट दाखवण्याआधी, मूल ज्या कारणानं ऑपरेशनच्या टेबलावर गेलं ते कारण बघायला हवं. सोहमचं कारण होतं टाळू. घशापासून कानापर्यंत जाणारी नळी टाळूचे स्नायू उघडतात. ते स्नायू कमजोर असले की कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. टाळू दुभंगलेल्या मुलांत हे फार वेळा होतं, टाळू शिवल्यानंतरही.

मी फाईल तोंडासमोर धरली आणि हळू आवाजात म्हटलं, “सोहम, खिडकीत मांजर बसलंय.” त्यानं खिडकीकडे पाहिलं नाही. फाईलकडे पाहिलं, माझे ओठ दिसतात का ते. ही काही तपासणी नव्हे, पण वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. “टीव्ही मोठा लावतो म्हणून मी मारलंय त्याला,” ती म्हणाली.

टाळूच्या डॉक्टरांनी दरवर्षी कान तपासायला सांगितलं होतं. दवाखान्याची पायरीच नको म्हणून तीन वर्षं ते राहिलं होतं. आता तपासलं तर दोन्ही कानांत पस्तीस डेसिबलच्या आसपास घट, पडद्यामागे चिकट पाणी. तीन महिने थांबून पुन्हा तपासलं, पाणी तसंच. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दोन मार्ग दिले: श्रवणयंत्र, नाहीतर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी. डॉक्टरांचा कल ग्रोमेटकडे. पंधरा-वीस मिनिटांचं काम, पण भूल द्यावी लागणार.

वैशालीचा फोन आला. “मॅडम, तिसऱ्यांदा?”

निर्णय मी दिला नाही, तो माझा नव्हताच. भूलतज्ज्ञांना विचारायचे प्रश्न तेवढे तिच्याकडून लिहून घेतले. इथे सगळ्याच पालकांना सांगते, ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना भेटा, हा तुमचा हक्क आहे. भूल किती वेळ लागेल? हे थांबू शकतं का, आणि थांबलं तर मुलाचं काय नुकसान? दुसरं काही करायचं असेल तर एकाच भुलीत उरकता येईल का? इशारा तीन वर्षांखालच्यांसाठी आहे. सात वर्षांच्या मुलाची वीस मिनिटं हे वेगळं गणित. उलट ऐकू न येता गेलेली दोन वर्षं शाळेत किती महाग पडतात, हे तर समोर दिसत होतं.

आणि भुलीचा जो धोका त्याच दिवशी असतो, त्याकडे घरात कुणाचं लक्ष नसतं. सर्दी-खोकला असेल तर लपवू नका. उपाशी ठेवायला सांगितलं तर उपाशीच ठेवा. साधारणपणे आईचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास आधी. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ मात्र शेवटची. “लेकरू रडतंय” म्हणून आजीनं पदराआडून दिलेलं बिस्कीट फुप्फुसात जाऊ शकतं. वीस वर्षांनंतरच्या बुद्ध्यांकाची काळजी करणारी घरं हे बिस्कीट सहज विसरतात.

श्रवणयंत्राचाही विचार झाला. शेवटी वैशालीनं ग्रोमेट निवडलं. फॉर्मवर सही करताना हात थरथरला, पण या वेळी आपण कशासाठी सही करतोय हे ठाऊक होतं, असं तिनं नंतर सांगितलं.

दवाखान्यातून घरी जाताना सोहमनं रिक्षात कानांवर हात ठेवले. घरी पोचल्यावर आजीला म्हणाला, “आजी, ओरडतेस कशाला?” आजी सात वर्षं त्याच्याशी ओरडूनच बोलत होती. घरात कुणाला ते जाणवलंही नव्हतं.

सहा महिन्यांनी ती दोघं आली. श्रुतलेखन दहापैकी सात. लिहिण्याचा वेग मात्र अजून कमी, बटणं लावायलाही वेळ लागतो.

“हे भुलीमुळे असेल का?” तिनं विचारलं.

“असूही शकेल. एकट्या मुलाकडे बघून तसं सांगता येत नाही.”

तिनं मान डोलावली, पर्समधून वही-पेन काढलं. “बरं. मग बोटांसाठी रोज काय करून घेऊ? कणकेचे गोळे चालतील?”