गोल्फ अनुभवी कोचकडून शिकावा की व्हिडिओ बघून जमेल? मी धुळ्याचा, कामानिमित्त पुण्याला ये-जा असते. फी किती, दिवस किती?

कोचकडूनच शिका. आणि तोवर क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, सेट विकत घेऊ नका.

आमचे साडू चोपड्याचे, कपाशी आणि केळीवाले. मी पुण्यात नोकरीला असताना एका रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, शिकायला जायचो. कोच साठीच्या पुढचे, पोरवयात कॅडी म्हणून पिशव्या वाहिलेले. (याला कोणी नाक मुरडू नये. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फर अली शेर, तोही दिल्लीचा कॅडीच.) त्यांनी सुरुवातीला माझ्या हातात फक्त पटर (चेंडू हळूच भोकाकडे ढकलायचा क्लब) दिला, मग सात नंबरचं आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब), तेही अर्ध्या स्विंगपुरतं, म्हणजे क्लब अर्धाच फिरवायचा. ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, हात लावू दिला नाही.

साडूंना हे सांगितलं तर भर पंगतीत म्हणाले, "भो, आते विटीदांडूनी बी फी देस का तू?" मी हिशोब मांडला: पार (चांगल्या खेळाडूला अख्ख्या मैदानासाठी लागावेत असे फटके) 72, होल 18, दर होलला दोन 'पट' (पटरने मारलेले हलके फटके) धरले तर 36 फटके ग्रीनवरच, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावरच, जातात. त्यावर ते म्हणाले, "मग बाकीच्या 36 चं काय?" सगळे हसले. ते मला अजून बोचतं.

पुढे त्यांनी अख्खा सेट मागवला आणि मोबाइलवर व्हिडिओ लावून कपाशी उपटलेल्या रानात सराव सुरू केला. चेंडू 42.67 मिलिमीटरचा, उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीच्या भेगा त्याहून रुंद. काही चेंडू तिथे गेले. उरलेले सगळे उजवीकडे वळून शेजाऱ्याच्या केळीच्या बागेत. साडूंनी काय करावं? डावीकडे तोंड करून उभे राहायला लागले. त्याने दुखणं वाढतंच. क्लब आणखी बाहेरून आत येतो, फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) उघडाच राहतो आणि चेंडू जास्तच वळतो. यालाच स्लाइस म्हणतात. शेजारी एक दिवस फाटलेली पानं घेऊन दारात आला.

त्यानंतर मी साडूंचा ग्लोव्ह न सांगता पिशवीत टाकला आणि पुण्याला कोचना दाखवला. त्यांनी तो उलटा केला. मनगटालगतच्या गादीवर भोक पडलेलं. म्हणाले, "हा माणूस दांडी बोटांत धरत नाही, तळव्यात धरतो. मग ती प्रत्येक फटक्याला सरकते. चेंडू उजवीकडे जात असेल." साडूंना त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं, स्विंग तर लांबच. वैद्याने नाडी धरावी तसा प्रकार.

व्हिडिओतला माणूस खोटं सांगत नाही हो. पण तो औषध सांगतो, आणि दुखणं कुठलं हे तुम्हीच ठरवायचं. स्वतःचा स्विंग स्वतःला जाणवतो एक आणि असतो भलताच. साडूंना आजही वाटतं, ग्लोव्हचं ते अंदाजाने लागलं. ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पद्धत, मात्र गुपचूप बदलली आहे, हे मेहुणीने सांगितलं.

आता कोच कसा ओळखायचा. पहिल्या दिवशी जो तुम्हाला मारू देतो आणि गप्प बघत राहतो, तो बरा. जो पहिल्याच तासात ग्रिप, पाय, खांदे सगळं बदलायला लावतो किंवा स्वतःच लांब लांब फटके मारून दाखवतो, त्याला रामराम करा. केस पांढरे म्हणजे कोच चांगला, असंही नाही. एका म्हाताऱ्या कोचने माझ्या मित्राला कंबर दुखत असतानाही पूर्ण स्विंग मारायला लावला होता. तुम्हाला पाठीचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कोचलाही सांगून ठेवा.

सलग रोज शिकण्यापेक्षा पुण्याच्या प्रत्येक फेरीत एक धडा घ्या, मध्ये धुळ्यात घरीच सराव करा. मे महिन्यात बाहेर कोण उभं राहणार? सतरंजीवर वाटी आडवी ठेवून पट करा, ग्रिप आरशासमोर तपासा. फीचं म्हणाल तर प्रत्येक रेंजचा दर वेगळा, माझा आकडा जुना झालाय. विचारताना एवढं बघा की चेंडूंची बादली आणि भाड्याचे क्लब त्यात धरलेत की वेगळे.